खेळातले शब्द आणि घरातली बोली

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे: 'मोबाइलवरील खेळांतील शब्दांचे आपल्या बोलीवर होणारे आक्रमण'. पत्रिकेत तो तसाच छापला आहे. यातला 'आक्रमण' हा शब्द काढावा अशी मी विनंती केली होती. पण तोपर्यंत पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि छापखान्यापुढे कोणाचे चालत नाही. तेव्हा तो एक शब्द आपण माझ्या खात्यावर मांडू नये.

मी नांदेड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत छत्तीस वर्षे मराठी शिकविले. मोबाइलवरचा एकही खेळ मला खेळता येत नाही. नातवाने एकदा शिकविण्याचा प्रयत्न केला. दोन मिनिटांत माझा माणूस मेला आणि नातू म्हणाला, "आजोबा, राहू द्या." मग या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय? अधिकार एवढाच, की या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झालेली आहे. सुरुवात तिच्यापासूनच करतो.

आपल्या अभ्यासिकेचे ग्रंथपाल काका २०२२ साली वारले. ज्या मुलांच्या घरी अभ्यासाला जागा नाही त्यांच्यासाठी रात्री अकरापर्यंत किल्ली घेऊन बसून राहणारा तो माणूस होता. त्यांची शोकसभा याच सभागृहात झाली. चार-पाच जणांची भाषणे झाली. मीही बोललो. नंतर दोन मिनिटे उभे राहून आदरांजली वाहिली. खाली बसताना मागून बारावीतल्या एका मुलाचा हलका आवाज आला, "एफ." त्याच्या शेजारच्या दोघांनी मान हलविली आणि तेही पुटपुटले, "एफ."

मास्तरच्या कानाला 'एफ' म्हणजे नापास. दुसरा अर्थ घ्यावा तर इंग्रजीत त्या अक्षराने सुरू होणारी एक शिवी आहे, तीही आपल्याला ठाऊक आहे. माझे डोके फिरले. मी सभा थांबविली, त्या मुलाला सर्वांसमोर उभे केले आणि नको ते बोललो. ज्या माणसाने तुला पुस्तके दिली त्याच्या शोकसभेत तू शिव्या देतोस काय, असे म्हणालो. त्याला बाहेर जायला सांगितले. तो खाली मान घालून गेला. उलट एक शब्द बोलला नाही, आणि त्याचे ते न बोलणे मी गुन्ह्याची कबुली समजलो.

दुसऱ्या दिवसापासून तो अभ्यासिकेत यायचा बंद झाला. परीक्षा तोंडावर होती. दहा-बारा दिवसांनी अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे आली. घाबरतच म्हणाली, "सर, त्यानं शिवी नव्हती दिली. तो काकांना नमस्कारच करत होता." मग तिने मला जे समजावून सांगितले ते असे.

२०१४ साली 'कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर' नावाचा एक युद्धाचा खेळ निघाला. त्यात मेलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे. खेळणारा शवपेटीजवळ जातो तेव्हा पडद्यावर सूचना येते, की आदरांजली वाहण्यासाठी 'एफ' हे बटण दाबा. बटण दाबले की पडद्यावरचा माणूस शवपेटीवर हात ठेवतो. एवढ्या गंभीर गोष्टीसाठी एक बटण, याचे लोकांना हसू आले. जगभर त्याची थट्टा झाली. कोणाचा मोबाइल पडून फुटला तरी पोरे 'एफ' म्हणू लागली. पण थट्टेत वापरता वापरता तो शब्द अंगवळणी पडला, आणि खरोखरच वाईट वाटले तरी हेच अक्षर तोंडात येऊ लागले. त्या मुलाच्या तोंडात ते तसेच आले होते.

मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई चार घरची धुणीभांडी करून नुकतीच परतली होती. मास्तर दारात पाहून ती घाबरली, पोराने आणखी काही केले की काय म्हणून. मी तिच्यासमोर मुलाची माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मला दुसरं काही सुचलंच नाही."

मित्रहो, हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. मी मराठीचा शिक्षक. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर मी हजारो निबंध तपासले असतील. पण जवळचा माणूस गेला तर चार लोकांत काय बोलावे, हे मी एकाही मुलाला कधी शिकविले नाही. आणि आपण मोठी माणसे तरी काय करतो? मोबाइलवर 'भाव' एवढी दोन अक्षरे लिहिली की 'भावपूर्ण' आणि 'श्रद्धांजली' हे शब्द यंत्रच पुढे करते. आपण त्यावर बोट ठेवतो. तेही बटण दाबणेच झाले. त्या मुलाने निदान स्वतःच्या तोंडाने उच्चारले होते.

त्यानंतर मी एक शंभर पानी वही आणली आणि अभ्यासिकेत मुलांकडून त्यांचे शब्द लिहून घेऊ लागलो. पहिले पंधरा दिवस कोणी काही सांगेना. मास्तर शब्द गोळा करतोय म्हणजे पुढे शिक्षा होणार, असा त्यांचा समज. मग हळूहळू जीभ सुटली.

पहिला शब्द आला 'नूब'. इंग्रजीत नवख्याला 'न्यूबी' म्हणतात, त्याचे बिघडत बिघडत हे रूप झाले. अर्थ असा, की याला खेळता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान काही नामवंत गेम खेळणाऱ्यांना भेटले त्या गप्पांतही हा शब्द निघाला आणि सगळ्या वाहिन्यांवर गेला, तेव्हा तो आता पोरासोरांचाच राहिलेला नाही. दुसरा शब्द 'ओपी'. म्हणजे 'ओव्हरपॉवर्ड', प्रमाणाबाहेर ताकदवान. मुले मात्र चांगल्या गोष्टीला सरसकट ओपी म्हणतात. "भाजी ओपी झाली" असे एका मुलाने आईला म्हटले, तर ती माउली म्हणाली, "ओपीडीत जायची वेळ तुझ्यावर येईल." 'लॅग' म्हणजे नेट मंद असल्यामुळे चित्र अडखळणे, आता अडखळत बोलणाऱ्या माणसालाही "लॅग मारतोय" म्हणतात. 'पिंग' म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. उशिरा समजणाऱ्या मुलाचा "पिंग जास्त आहे." आमच्या वेळी अशा मुलाला 'ट्यूबलाइट' म्हणत असत. शब्द बदलला, पण वर्गात उशिरा हसणारा तो एक मुलगा तोच आहे.

'जीजी'ची गंमत तर वेगळीच. एक मुलगा मला दोन-तीनदा "जीजी सर" म्हणाला. मला वाटले, काय नम्र मुलगा आहे! आमच्या लहानपणी पोवाड्याला आणि जलशाला मागचे झीलकरी 'जी जी' म्हणून सूर धरायचे, तोच मान हा मला देतो आहे. नंतर कळले, की 'गुड गेम' याची ती आद्याक्षरे. डाव संपला की प्रतिस्पर्ध्याला म्हणायचे. माझे बोलणे आता संपावे, असे तो मला सुचवीत होता.

हे शब्द आपल्या वस्तीपर्यंत आले कधी, तेही पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' हा खेळ आला. तो बहुतेक वेळा एकट्याने नव्हे, तर चौघांच्या टोळीने, कानाला हेडफोन लावून आणि तोंडाने बोलत खेळायचा. माझ्या मते ही बाब महत्त्वाची आहे. पूर्वीचे व्हिडिओ गेम मुले मुकाट्याने खेळत. या खेळात बोलल्यावाचून चालत नाही, त्यामुळे शब्द डोळ्यांतून न येता थेट जिभेवरून आले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरात एकच मोबाइल. सकाळी त्याच्यातच शाळा आणि दुपारी त्याच्यातच खेळ. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजीही गेला. पुढे २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला. पण मधल्या काळात खेळ नव्हता तरी त्याचे शब्द गल्लीत चालूच होते. क्रिकेटमध्ये कोणी पडला तर पोरे ओरडत, "नॉक झाला, रिव्हाइव्ह कर त्याला!"

आता आपण घाबरतो ते कशाला? मराठी बिघडेल म्हणून. याबाबत मी थोडा विचार केला आहे, तो मांडतो.

मुले म्हणतात, "नूबगिरी करू नको." "तो रिस्पॉन झाला." "त्याला ट्रोल केलं." यांत शब्द परका आहे, पण 'करणे', 'होणे', 'मारणे' हे आपलेच आहे. 'गिरी' हे शेपूट फार्सीतून आलेले आहे. दादागिरीत आहे तेच. म्हणजे इंग्रजी शब्दाला फार्सी शेपूट लावून मराठी वाक्य तयार झाले. हे काम मराठी फार जुन्या काळापासून करीत आली आहे. 'सुरू करणे', 'बंद करणे', 'माफ करणे', 'हजर होणे', 'वसूल करणे' या सगळ्यांतला पहिला शब्द असाच बाहेरचा आहे. शिवाजी महाराजांनी फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' रघुनाथपंतांकडून करवून घेतला. तरीसुद्धा 'कागद', 'दुकान' आणि 'वकील' आपल्या तोंडी राहिलेच. कवी माधव ज्युलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' काढला तो चाळून पाहावा. आपल्या घरातल्या किती वस्तू बाहेरून आल्या हे पाहून माणूस थक्क होतो.

आणि खेळाने भाषेला शब्द द्यावेत, हेही नवे नाही. आपण म्हणतो, "त्याने शह दिला, याने काटशह दिला." कोणी बुद्धिबळ खेळलेला असो वा नसो, निवडणुकीच्या बातमीत हे शब्द येतातच. "माझ्या कामात त्याने खो घातला" हे खो-खोतून आले. "धोबीपछाड" कुस्तीतून आला. "रडीचा डाव" कोणत्या खेळातून आला ते सांगायला नको, तो सगळ्याच खेळांत असतो. आणि मुलांच्या 'नूब'ला आपल्याकडे किती गोड शब्द आहे! लिंबूटिंबू. धाकटा भाऊ किंवा बहीण खेळायला हट्ट करते, तेव्हा तिला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ती धावते, पण बाद होत नाही आणि तिच्यावर राज्य येत नाही. दुबळ्या क्रिकेट संघाला वर्तमानपत्रे अजून लिंबूटिंबू म्हणतात. 'एएफके' म्हणजे खेळणारा जागेवर नाही. त्याला आम्ही 'टाइमप्लीज' म्हणायचो. तो शब्द तरी कुठे मराठी होता? कोणत्या तरी इंग्रजी शाळेतून निघाला आणि खेड्यापाड्यांत पोहोचला. टाइमप्लीज म्हणताना ते इंग्रजी आहे हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

याहून मोठे नवल मला देगलूरच्या बाजारात भेटले. आम्ही लहानपणी विटीदांडू खेळायचो. विटी किती लांब गेली ते दांडूने मोजताना म्हणायचे, "वकट, लेंड, मूंड, नाल." हे काय आहे असे कोणी कधी विचारले नाही. विटीदांडूत असेच मोजतात, एवढेच. मी सातवी-आठवीत असताना वडिलांबरोबर देगलूरला गेलो होतो. पलीकडच्या तेलुगू मुलखातला एक व्यापारी मिरचीची पोती मोजत होता, "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु." मी जागीच थांबलो. वडिलांना म्हणालो, "बाबा, हा माणूस विटीदांडू मोजतोय." इतकी वर्षे आम्ही तेलुगूत मोजत होतो, आणि आमच्यातल्या एकालाही त्याची खबर नव्हती. आमची मराठी त्यामुळे कोठे बिघडली असे मला दिसले नाही.

या देवघेवीत काही शब्द तर आपल्याकडून गेले आणि आपल्याकडेच परत आले. पबजीत पडक्या घरांतून बंदुका, गोळ्या, औषधे गोळा करतात, त्याला 'लूट' म्हणतात. मुले समजतात हा इंग्रजी शब्द. तो हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेला, कंपनी सरकारच्या काळात. का गेला असेल, ते इतिहासाच्या तासाला विचारावे. पडद्यावरच्या आपल्या माणसाला मुले 'अ‍ॅव्हटार' म्हणतात. हा आपला 'अवतार'. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या संगणक-खेळ करणाऱ्यांनी तो उचलला. १९८५ सालच्या 'अल्टिमा' या खेळाच्या चौथ्या भागाच्या नावातच तो आहे. आपल्याकडे "काय हा अवतार!" म्हणजे विसकटलेले केस आणि मळके कपडे. तिकडून परत आला तो चांगला इस्त्री होऊन. पच्चीसीचेही तसेच. तिच्यावरून इंग्लंडात 'लुडो' बेतला गेला, १८९६ साली त्याचे पेटंट घेतले गेले, तो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे आला आणि आता मोबाइलमध्ये शिरून बसला आहे. त्या लुडोकडे मी शेवटी येणारच आहे.

आता पालकांपैकी काही जण मनात म्हणत असतील, की मास्तर पोरांच्या बाजूला गेला. थोडे थांबा.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी अभ्यासिकेत शिरत होतो. दारावरचे आपले वॉचमन मामा एका मुलाला म्हणाले, "बाळा, चप्पल बाहेर." मुलगा आत आला आणि मित्राला म्हणाला, "एनपीसी आहे रे तो. रोज एकच डायलॉग." दोघे हसले. मामांना काही कळले नाही, तेही हसले.

मी वही उघडून शब्द विचारला. 'नॉन-प्लेअर कॅरेक्टर', म्हणजे खेळातले असे पात्र की ज्याला कोणी खेळवत नाही. ते रस्त्याच्या कडेला उभे असते. जवळ गेले की ठरलेली दोन वाक्ये बोलते आणि आपण पुढे गेलो की तिथेच उभे राहते. त्याला स्वतःची इच्छा नाही, घर नाही, उद्या नाही. ते फक्त नायकाची गोष्ट पुढे सरकावी म्हणून आहे. हा प्रकार १९७४च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पटावर, कागद-पेन्सिलीने खेळायच्या खेळापासूनचा आहे. २०१८च्या सुमारास अमेरिकेतल्या राजकीय भांडणांत तो जिवंत माणसांना उद्देशून शिवीसारखा वापरला जाऊ लागला, आणि तेथून फिरत फिरत आपल्या अभ्यासिकेच्या दारावर आला.

याचा सख्खा भाऊ म्हणजे 'बॉट'. खेळात यंत्र ज्याला चालविते तो बॉट. मुले एकमेकांना सहज म्हणतात, "बॉट आहेस काय?" हा शब्द 'रोबॉट'चा तुकडा. 'रोबॉट' हा शब्द आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून, आणि चेक भाषेतल्या 'रोबोटा' या ज्या शब्दावरून तो घडविला त्याचा अर्थ आहे वेठ. होय, वेठबिगार! मालकाने बोलावले की जायचे आणि मोबदल्याशिवाय राबायचे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात ती वेठ राबलेले आहेत. गावात कोणी अधिकारी आला की त्याच्या घोड्याला गवत, त्याच्या चुलीला सरपण, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत. त्यांना कोणी नावाने हाक मारीत नसे. जातीच्या नावाने मारीत. त्यांनी बोलायची वाक्येही ठरलेली होती: "जी मायबाप." गावाच्या गोष्टीत ते नुसते उभे राहण्यासाठी होते.

तेव्हा 'एनपीसी' हा शब्द मुलाच्या तोंडून ऐकला आणि मला वाटले, हा शब्द इंग्रजी असेल, पण ही जागा मला चांगली ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना गावाने मुके ठरविले होते त्यांना बोलते करण्यासाठी ते होते. चापेकचे नाटकही त्याच वर्षीचे, हा योगायोग. पण ज्या मुलाचे पणजोबा मुके धरले गेले, तो शंभर वर्षांनी दारावरच्या माणसाला मुका धरतो, याला मी योगायोग म्हणू शकत नाही. त्याचे आम्हां शिक्षकांना आणि पालकांनाही उत्तर द्यावे लागेल.

म्हणून मला 'नूब' आणि 'एनपीसी' एका मापाने मोजता येत नाहीत. नूब आज नवखा आहे, चार महिन्यांनी शिकेल. त्याच्यावर हसले तरी तो खेळात आहे. एनपीसीला तुम्ही खेळाबाहेर काढले, त्याला शिकण्याचीही सोय ठेवली नाही. शब्द कोणत्या देशातून आला याची चौकशी मी आता फारशी करीत नाही. तो ज्याला लावला त्याच्याकडे वळून पाहतो.

त्या दिवशी मी मुलाला रागावलो नाही. २०२२ची आठवण होती. त्याला म्हटले, "मामांचा डायलॉग एकच आहे म्हणतोस. दुसरा ऐकायचा आहे का?" आणि त्याला घेऊन मामांच्या खुर्चीजवळ बसलो. मामा आधी एका कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे वय अडतीस. नंतर हमाली केली, रिक्षा चालविली, दोन मुलींची लग्ने केली. धाकटी आज परिचारिका आहे. चपलांचा आग्रह का, तर काका हयात असताना एका पावसाळ्यात चिखलाने खालच्या कप्प्यातली पुस्तके खराब झाली होती, आणि ती दोघांनी मिळून पुसून वाळवली होती. हे सारे सांगायला मामांना पाऊण तास लागला. मुलाने मोबाइल खिशातून काढला नाही. नंतर तो शब्द वहीत लिहिताना अर्थाच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, तुझे तू ठरव. तो रकाना अजून रिकामाच आहे.

पालकांना एक गोष्ट सांगून टाकतो. मुलाखतीत, परीक्षेत, अर्जात हे शब्द चालणार नाहीत, हे मुलांना सांगावे. त्यांना ते कळते. वडीलधाऱ्यांसमोर आणि मित्रांसमोर वेगळे बोलावे लागते हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण सांगताना हसू नका. आपल्यातल्या किती जणांना शाळेत 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणालो म्हणून सगळ्या वर्गाने हसून घेतले, ते आठवा. मी पाचवीत असताना एका शिक्षकांनी माझ्याकडून 'लोणी' हा शब्द वीस वेळा म्हणवून घेतला होता आणि प्रत्येक वेळी वर्ग हसत होता. पुढचे वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. मी मराठीचा शिक्षक झालो तो कदाचित त्या रागानेच. तरीही शोकसभेत एका मुलाच्या जिभेवर मी तेच केले.

तो मुलगा बारावी उत्तीर्ण झाला आणि आता अभियांत्रिकीला आहे. सुट्टीत येतो तेव्हा वही चाळतो आणि माझे अर्थ दुरुस्त करतो. 'रिव्हाइव्ह'समोर मी 'पुनर्जीवित करणे' असे लिहिले होते. त्याने ते खोडून लिहिले, 'पडलेल्या माणसाजवळ थांबणे'. त्याचे म्हणणे असे, की खेळात जोडीदाराला उठवायला काही सेकंद त्याच्याजवळ थांबावे लागते, आणि तेवढ्या वेळात आपल्यालाही गोळी लागू शकते. मी आयुष्यभर शब्दार्थ लिहिले, पण इतका नेमका एकही लिहिला नसेल.

आता राहिला लुडो. गेल्या महिन्यात वीज गेली म्हणून अभ्यासिका लवकर सुटली. बाहेर ओट्यावर चार-पाच मुले आणि मामा एकाच मोबाइलवर लुडो खेळत बसले होते. शेवटच्या सोंगटीला घरात जायला मामांना दोन हवे होते आणि दोनच पडले. मुलांनी आरडाओरडा केला. मामांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि लांब सुरात म्हणाले, "जी... जी..."

मुले हसून लोळायला लागली. ते खेळातले जीजी होते की जलशातले, हे मी मामांना अद्याप विचारलेले नाही.